पाकटाचा काटा

चिखलीत डॉक्टर मिनलचा दवाखाना होता. खाटा चार आणि ड्रेसर एकच, नागसेन. आसपासच्या वर्कशॉपमधून कापलेली, चेपलेली, भाजलेली बोटं रोज त्याच्या टेबलावर यायची. सव्वीस वर्षं त्यानं दुसरं फारसं काही पाहिलं नव्हतं. जखम बघून तो मशीन सांगायचा. ही लेथच्या चिपनं कापलीय, ही पत्र्याच्या कडेनं, ही ग्राइंडरच्या फुटक्या चाकानं. आणि बहुतेक वेळा जखमी माणूस तोंडानं निराळंच सांगत असायचा. घरी लागलं. जिन्यावरून पडलो. पोरीच्या सायकलची चेन बसवत होतो.

हे ‘घरी लागलं’ नागसेनला पाठ होतं. कंत्राटी माणसाला कंपनीत लागलं की सुपरवायझर त्याला गाडीवर मागं बसवून आणायचा, वाटेत पढवायचा आणि दवाखान्यात पाऊल टाकल्याबरोबर स्वतःच बोलायला लागायचा. कंपनीचं नाव कागदावर येऊ नये, एवढ्याचसाठी ही धावपळ. नागसेन मुकाट्यानं ऐकून घ्यायचा, जखम धुवायचा आणि आतल्या खोलीत जाऊन मिनलला खरं काय ते सांगायचा. त्याचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याला स्वतःलाही नाही.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला शेखर रमीजला घेऊन आला, तेव्हा नागसेन कात्र्या उकळत ठेवत होता. शेखर म्हणजे चाकणच्या एका मोल्ड बनवणाऱ्या कंपनीतला कंत्राटदाराचा सुपरवायझर. राहायला इथंच, दोन गल्ल्या सोडून. नऊ वर्षं नागसेन त्याला ओळखत होता. गेल्या वर्षी एका पोराचा अंगठा प्रेसमध्ये गेला, तर या बहाद्दरानं तो उखळात सापडल्याचं सांगितलं होतं. कुठलं उखळ, असं विचारल्यावर म्हणाला होता, शेजाऱ्यांचं.

रमीज सत्तावीस-अठ्ठावीसचा, सडपातळ. अंगात कंपनीचा करडा शर्ट, बाहीवर तेलाचे डाग, खिशाला ओळखपत्र. डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलेलं आणि चेहरा घामानं निथळत होता. टेबलाशी बसवलं तर बसेना. उठायचा, दोन पावलं चालायचा, भिंतीला डोकं टेकवायचा.

“पाकटाचा काटा लागलाय काका,” शेखर म्हणाला. “याची आई मासे विकते ना, चौकात. गाडीतून माल उतरवायला हा रोज सकाळी मदत करतो. तिथंच लागलं. याला कामावर न्यायला मी चौकात गेलो होतो.”

“तुला कुणी विचारलं?” नागसेन म्हणाला. “हात त्याचा आहे ना?”

“मासाच होता काका,” रमीज दातावर दात ठेवून म्हणाला. “पाकट. शेपटीत काटा असतो. बंदरावर छाटून पाठवतात, या एकाचा राहिला.”

“जिवंत होता?”

“नाही. बर्फातला.”

“मेलेल्या माशानं मारलं म्हणतोस.”

रमीजच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज आला आणि तो पुन्हा भिंतीकडं गेला.

नागसेननं त्याला खांद्याला धरून बसवलं आणि हात दिव्याखाली घेतला. उजव्या हाताची तर्जनी. मधल्या पेराला बाजूनं एक बारीक भोक, दाभणानं टोचल्यासारखं. रक्त थोडंच. पण भोकाभोवती कातडी पांढरी फट्ट आणि त्या पांढऱ्याच्या कडेनं निळसर रेघ. बोट डोळ्यांदेखत सुजत होतं. सूज तळहातावर उतरायला लागली होती. एवढ्याशा भोकाला एवढ्या मोठ्या माणसाचं असं तडफडणं.

हे त्यानं पूर्वी दोनदा पाहिलं होतं. हायड्रॉलिक मशीनच्या नळीला सुईएवढी चीर पडते, आतलं तेल दाबानं पिचकारीसारखं सुटतं आणि गळती कुठं आहे म्हणून कुणी बोट फिरवलं की कातडी फोडून आत शिरतं. वरून दिसतं टोचल्यासारखं. आतून मांस जळत जातं. पहिल्या वेळी कुणालाच कळलं नव्हतं. मलम लावून घरी पाठवलेल्या त्या माणसाचा तळहात पुढं कापावा लागला. तेव्हापासून नागसेननं मनाशी पक्कं केलं होतं की असं भोक पुन्हा आलं तर वेळ घालवायचा नाही. शेकायचं नाही, चोळायचं नाही, बर्फात ठेवायचं आणि सर्जनकडं पळवायचं.

तेलाचे डाग बाहीवर होते. सुपरवायझर पुढं उभा होता. गोष्ट मेलेल्या माशाची होती. आणखी काय बघायचं राहिलं होतं?

आतल्या खोलीत मिनल म्हणाली, “काका, तो स्वतः मासा म्हणतोय. मला त्या विषाचं फारसं माहीत नाही, बघावं लागेल. फोन करून विचारू का कुणाला?”

“विचारा. तोवर बोट जाईल.” नागसेननं आपला डावा हात तिच्यापुढं धरला. करंगळी आणि अंगठा, मधे काही नाही. “मॅडम, माझ्या केसपेपरवर काय लिहिलंय माहितीय? घरी विळीवर कापलं. तीन बोटं, एका वेळी, विळीवर. डॉक्टरनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि लिहून टाकलं. मी प्रेसवर होतो, हे त्यालाही दिसत होतं.”

मिनलनं ही गोष्ट पूर्वी ऐकली होती, पण हात असा समोर धरून नाही. ती थोडा वेळ त्या हाताकडं बघत राहिली.

“या पोराला पढवून आणलंय,” नागसेन म्हणाला. “त्याची नोकरी जाईल म्हणून तो मासा मासा करणार. आपण लिहायचं नाही तर कोण लिहिणार?”

मिनलनं कागद ओढला. उच्च दाबाचं तेल हातात शिरल्याचा संशय, असं लिहिलं. खाली नागसेनच्या सांगण्यावरून, कंपनीतील अपघात.

तो बाहेर आला तर रमीजची आई झुलेखा रिक्षातून उतरत होती. एका हातात चहावाल्याची मोठी किटली, दुसऱ्या हातात प्लास्टिकचं घमेलं. ओढणीला माशांचे खवले चिकटलेले. मुरुडकडची बाई, नवरा गेल्यावर पोराला घेऊन चिखलीत आलेली. आली तशी घमेलं फरशीवर ठेवून त्यात पाणी ओतायला लागली. वाफा निघत होत्या.

“भाऊ, हात यात बुडवू दे त्याला. सोसेल तेवढं गरम. वरचेवर बदलत राहायचं. तासभर.”

“मावशी, गरम पाणी चालत नाही.”

“यालाच चालतं. आमच्याकडं कुणाला काटा लागला की आधी चूल पेटवतात, मग बाकीचं. विष आहे ते. गरमानं मरतं.”

“गरमानं तेल पसरतं आत.”

“कुठलं तेल?” झुलेखानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

नागसेननं आवाज मऊ केला. अशा आया त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. “तुम्ही घाबरू नका. कंपनीला काय सांगायचं ते आम्ही बघू.”

“मी कंपनीचं कुठं काय बोलले? माझ्या पाटीतलं पाकट आहे. मी स्वतः शेपूट बाजूला काढून ठेवलीय. आणून दाखवू?”

“अम्मी, दे पाणी,” रमीज म्हणाला आणि घमेल्याकडं वाकला. नागसेननं त्याच्या आधी घमेलं उचललं, मोरीत नेऊन ओतलं आणि येताना बर्फाची पिशवी आणली. रमीजच्या हाताभोवती ती गुंडाळताना पोरगा असा ओरडला की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

“बर्फानं जास्त दुखतंय काका.”

“दुखू दे. हात वाचेल.”

झुलेखा रिकामी किटली धरून तशीच उभी राहिली. टेबलावर ठेवलेल्या केसपेपरवर काय लिहिलंय ते शेखरनं उलट्या बाजूनं वाचलं आणि तो दारापर्यंत मागं सरकला.

पिंपरीच्या मोठ्या इस्पितळात एक्सरे काढला, त्यात तांदळाएवढी सावली दिसली. चिठ्ठीत कंपनी लिहिलेली, म्हणून ती लोखंडाची कपची ठरली. दुपारी दोनला सर्जननं बोट उघडलं. तेलाचा थेंब नव्हता.

साडेतीनला त्यांचा मिनलला फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला, कारण नागसेन समोरच उभा होता.

“आत काट्याचा तुकडा निघालाय,” सर्जन म्हणाले. “करवतीसारखे दाते आहेत त्याला. वरचं विषाचं आवरण आत राहिलं होतं. रुग्ण काय सांगत होता?”

“माशाचा काटा,” मिनल म्हणाली.

“मग?”

मिनलनं नागसेनकडं बघितलं.

“गरम पाण्यात ठेवला होता का हात? पहिल्या तास-दीड तासात?”

“नाही. बर्फात.”

मग सर्जन हिशेबानं एकेक शब्द टाकत म्हणाले, “हे विष उष्णतेनं निकामी होतं. पंचेचाळीस अंशांपर्यंतचं पाणी, दुसऱ्या हातानं तपासून. वेदना बऱ्याचदा तिथंच उतरतात. मग जखम धुवायची, तुकडा शोधायचा, टाके घालायचे नाहीत. मासा मेलेला असला तरी काट्यातलं विष राहतं. बोट वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही, काही वेळा तरीही मांस मरतं. पण एवढे तास त्याला असं तडफडावं लागलं नसतं.”

फोन बंद झाल्यावर मिनल टेबलावरच्या पेनचं टोपण काढून पुन्हा लावत बसली. “सही माझी आहे, काका,” एवढंच म्हणाली. नागसेनला वाटलं, तिनं दोन शब्द रागाचे बोलावेत.

चौथ्या दिवशी बोटाचं टोक काळं पडलं. आठव्या दिवशी मधलं पेर. बाराव्या दिवशी मुळापासून काढावं लागलं.

पुढचं ड्रेसिंग रोज पिंपरीला जाऊन करणं परवडणारं नव्हतं, वेळही जायचा. रमीज चिखलीतच यायला लागला. झुलेखा त्याला दारापर्यंत सोडायची आणि बाहेरच्या बाकावर पाठ करून बसायची. नागसेननं पहिल्या दिवशी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला होता. ती म्हणाली, “पट्टी नीट बांधा.” त्यानंतर त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही.

रमीज मात्र बोलायचा. त्याला शांत बसवायचं नाही. मोल्डच्या पॉलिशचं सांगायचा. “काका, गाडीच्या दिव्याची काच असते ना प्लास्टिकची, तिचा साचा आम्ही घासतो. आरशासारखा. डोळ्याला वाटतं की झालं, पण नाही झालेलं. उजेड फसवतो. मग डोळे मिटून बोट फिरवायचं. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी रेघ बोटाला कळते.” मग त्याचा अंगठा बोटाच्या मोकळ्या जागेवर जाऊन थांबायचा. “मधल्या बोटानं करून बघितलं घरी. ताटावर. ते बोट ठोंब्या आहे. त्याला काही कळत नाही.”

नागसेन पट्टी गुंडाळत राहायचा.

एका दुपारी शेखर आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही.

“तुमच्या चिठ्ठीनं काय झालं ऐकायचंय का? इस्पितळानं ती कंपनीला कळवली, कंपनीनं चौकशी लावली. सगळी हायड्रॉलिक मशीनं दिवसभर बंद ठेवून तपासली. गळती कुठंच नाही. मग म्हणाले, पोरानं खोटा अपघात केला, कंपनीला गुंतवायला. कंत्राटदारानं रमीजचा गेटपास काढून घेतला. मला दुसऱ्या साइटवर टाकलंय.” तो थोडा थांबला. “नऊ वर्षं मी तुमच्या टेबलाशी खोटं बोललो काका. ते सगळं तुम्ही ओळखलंत. एक दिवस खरं बोललो.”

“तू बोलायचंच नव्हतंस,” नागसेन म्हणाला. “पोरानं एकट्यानं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.”

“ऐकलं असतं?”

नागसेननं कात्री उचलली, खाली ठेवली. बायकोलासुद्धा त्यानं हेच सांगितलं होतं, शेखर पुढं पुढं करत होता म्हणून. पण रमीज एकटाच बोलला होता, भिंतीला डोकं लावून. त्याची आई बोलली होती. शेपूट आणून दाखवते म्हणाली होती. चौकापासून दवाखाना पाच मिनिटांवर. आणा म्हणायला एक शब्द लागला असता. तिच्या बोलण्यात त्यानं भीती ऐकली, कारण त्याला भीतीच ऐकायची होती. तीस वर्षांपूर्वीच्या त्या डॉक्टरनं जे केलं नाही ते आपण करून दाखवतोय, याचं त्याला त्या सकाळी बरं वाटलं होतं. घमेलं मोरीत ओतताना तर फारच.

“नाही,” तो म्हणाला. “नसतं ऐकलं.”

शेखर निघून गेला.

जखम भरत आल्यावर नागसेननं मिनलकडून दुसरं पत्र लिहून घेतलं. पहिलं निदान चुकीचं होतं, इजा माशाच्या काट्यानं आणि कंपनीबाहेर झाली, रुग्णानं सुरुवातीपासून हेच सांगितलं होतं, असं. सर्जनच्या अहवालाची प्रत जोडली. गुरुवारी सुट्टी घेऊन तो रमीजला म्हणाला, चल, गेटवर जाऊ. मी स्वतः सांगतो.

दोन बस बदलून ते चाकणला उतरले आणि पुढं कंटेनरच्या रांगेच्या कडेनं अर्धा तास चालले. रमीजनं करडा शर्ट धुऊन, इस्त्री करून घातला होता. गेटवर चाळीस मिनिटं थांबल्यावर ऑफिसातला एक तरुण माणूस बाहेर आला. वागायला सभ्य होता. पत्र त्यानं दोनदा वाचलं.

“पहिल्या पत्रावरही याच मॅडमची सही आहे,” तो म्हणाला. “कुठलं खरं धरू?”

“हे,” नागसेन म्हणाला. “पहिलं मी लिहायला लावलं होतं. पोरगा मासा म्हणत होता, मी ऐकलं नाही.”

“का नाही ऐकलं?”

“इथली पोरं घरी लागलं म्हणून खोटं सांगतात. तुमचे सुपरवायझर शिकवतात त्यांना.”

हे बोलायला नको होतं, हे बोलल्याबरोबर त्याला कळलं. त्या माणसाचा चेहरा हळूच बंद झाला. त्यानं नागसेनच्या डाव्या हाताकडं बघितलं.

“आजोबा, महिन्यापूर्वी तुम्ही लिहून दिलंत की कंपनीत लागलं. आता म्हणता मासा. मेलेला मासा. उद्या काय म्हणाल? तुम्हाला कुणी शिकवून पाठवलंय का? युनियनचं कुणी? की यानंच?”

“कुणी नाही शिकवलं. मी चुकलो, तेवढंच.”

“असं स्वतःहून कोण सांगायला येतं?” तो खरंच कुतूहलानं म्हणाला. मग रमीजच्या पट्टीकडं बघत म्हणाला, “आणि समजा, तुमचं सगळं खरं मानलं. पॉलिशला हा हात काय कामाचा? वाईट वाटतं मला. पण तुम्हीच सांगा.”

नागसेननं रमीजकडं बघितलं. रमीज गेटच्या आत, शेडकडं बघत होता. शिफ्ट सुटायची वेळ झाली होती, ओळखीची दोन-तीन पोरं बाहेर आली, त्यांनी याला बघून हात वर केला. यानंही उजवा हात वर केला आणि अर्ध्यातच खाली घेतला.

परतताना बसमध्ये जागा मिळाली. मोशीच्या पुढं रमीज म्हणाला, “काका, सकाळी बंदरावरून गाडी येते ना, ती रिकामी परत जाते. ड्रायव्हर म्हणत होता, बर्फ भरायला माणूस हवाय तिकडं. बर्फ भरायला बोटं मोजत नाहीत.”

“तिकडं म्हणजे मुरुडला?”

“हो. पुढच्या आठवड्यात जाईन.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “कंपनीत गेलो होतो हे अम्मीला सांगू नका. तिनं बजावलं होतं, पुन्हा त्यांच्या दारात जायचं नाही. विचारलं तर म्हणा, ड्रेसिंगला होता, गर्दी होती.”

“बरं.”

चौकात उतरले तेव्हा झुलेखा पाटीवरचं फडकं पाण्यात बुडवून पिळत होती. उरलेले बांगडे तिनं एका ओळीत लावले होते. तिनं पोराच्या इस्त्रीच्या शर्टाकडं बघितलं, मग नागसेनकडं. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच त्याच्याशी आपणहून बोलली.

“कुठं होता हा सकाळपासून?”

“माझ्याकडं,” नागसेन म्हणाला. “ड्रेसिंगला. फार गर्दी होती आज.”

तिनं मान डोलावली. “मग जेवला नसेल,” म्हणाली, आणि डबा काढायला वाकली.